आधी 'आ' ऐका

आमच्या घरात उर्दू आणि गल्लीत वऱ्हाडी. उर्दूत 'ळ' नाही, आणि बुलडाण्याकडच्या वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो. या 'य'पायी शाळेत मला प्रार्थनेच्या मागच्या रांगेत उभं केलं गेलं. ज्याची जीभ शुद्ध नाही, त्याला गाणं कसं येणार, असं गुरुजींचं म्हणणं. पुढं मी कविता लिहिल्या, पण चारचौघांत कधी गायलो नाही. इटालियन गायकीविषयी वाचलं, तेव्हा गुरुजींची चूक उमगली.

ऑपेरा जन्मला इटलीत, १६००च्या सुमारास. तिथल्या गायकीला पुढे 'बेल कान्तो', म्हणजे सुंदर गायन, असं नाव पडलं. या गायकीला भाषेचा मोठा आधार मिळाला. इटालियनमधले बहुतेक शब्द स्वरानं संपतात. 'आमोरे' म्हणजे प्रेम, 'व्होचे' म्हणजे आवाज. 'त' किंवा 'प' उच्चारताना हवेची वाट क्षणभर बंद होते; सूर लांबवायचा तो 'आ', 'ओ'वरच. मराठीत अक्षरातल्या स्वरालाही आणि गाण्यातल्या सुरालाही आपण 'स्वर' म्हणतो, ते उगीच नव्हे!

शिवाय इटालियन 'ओ' शेवटपर्यंत 'ओ'च राहतो. इंग्रज माणूस 'नो' म्हणताना 'उ'कडे घसरतो. शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'वर फुंकर सोडतो. इटालियन गाताना त्याला या सवयी मोडाव्या लागतात.

आता आपल्याकडे बघा. आपले आ, ई, ए, ओ, ऊ सरळ आहेत. 'प' आणि 'फ' वेगळे आहेत. 'त' म्हणताना जीभ दातांना लागते, अगदी इटालियनसारखी. इंग्रज गायक जे मेहनतीनं मिळवतो, ते चिखली-मेहकरच्या पोराला आईच्या मांडीवरच मिळतं. 'डोया'तले 'ओ' आणि 'आ' 'डोळा'इतकेच मोकळे असतात.

एक अडचण मात्र आहे. बोलताना आपण 'राम', 'घर' यांतला शेवटचा 'अ' गिळतो. पण भजनात तो परत येतो. शेगावच्या पालखीत 'विठ्ठल'चा 'ल' कसा लांबतो, ते ऐका. टाळकऱ्याला हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं.

उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) उत्तरेतल्या कैराण्याचे. मिरजेत स्थायिक झाले आणि 'मानापमान' नाटकातलं मराठी पदही गायले. त्याची ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळते. मराठी ही त्यांच्या घरची भाषा नव्हती, पण त्यांचा सूर महाराष्ट्रानं आपला मानला.

याचा अर्थ उच्चार कसाही चालेल, असा नाही. 'काळा'चा 'काया' केला, तर रंगाचं शरीर होईल! अर्थ राखायचा तर 'ळ' यायलाच हवा. पण तो सरावानं येतो, मलाही आला. मोडलेली उमेद मात्र सहसा परत येत नाही.

म्हणून संगीतशिक्षकांना एवढंच सांगणं आहे, मागच्या रांगेतल्या पोराला पुढे बोलवा. आधी त्याचा 'आ' ऐका. 'ळ' मागाहून शिकवता येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)