साखर, जकात आणि कोइमतूरचा ऊंस

देशांत नवा धंदा उभा करावयाचा तर परदेशी मालावर जकात बसविली कीं काम झालें, असें पुष्कळांस वाटतें. आपल्या साखरेच्या धंद्याची हकीकत पाहतां ही समजूत अर्धीच खरी ठरते.

इ. स. १९३० च्या सुमारास हिंदुस्थानांत ऊंस विपुल पिकत असे. परंतु त्याचा बहुतेक भाग गुळाच्या कढईंत जाई, आणि पांढरी साखर जाव्याहून येई. १९३१ सालीं टॅरिफ बोर्डानें चौकशी केली व १९३२ च्या कायद्यानें परदेशी साखरेवर दर हंड्रेडवेटास, म्हणजे सुमारें ५१ किलोस, सव्वासात रुपये संरक्षक जकात बसली. तीसबत्तीस कारखाने होते, ते तीनचार वर्षांतच शंभरांवर गेले.

हा चमत्कार एकट्या जकातीचा नव्हे. त्याची तयारी वीस वर्षें आधीं, १९१२ सालीं, कोइमतूर येथें सुरू झाली होती. उत्तरेकडील ऊंस बारीक व कमी रसाचा. दक्षिणेंतील जाड ऊंस गोड खरा, पण उत्तरेच्या थंडीपुढें टिकत नसे. कोइमतूरच्या हवेंत उंसास तुरा येऊन बीं धरतें, म्हणून ती जागा निवडली गेली. तेथें डॉ. बार्बर व त्यांचे सहकारी वेंकटरामन यांनीं जाड उंसाचा संकर चक्क कांस नांवाच्या रानगवताशीं केला! गवताचा काटकपणा व उंसाची गोडी एकत्र आणणारी ‘को. २०५’ ही जात १९१८ सालीं पंजाबाकडील शेतकऱ्यांच्या हातीं आली. बांधावरून उपटून फेकावें असें गवत राष्ट्राच्या अर्थनीतीस असें उपयोगी पडलें. जकातीनें भांडवल पुढें आलें. पण चरकांत घालावयास ऊंस हवा, आणि तो कायद्यानें उगवत नाहीं.

या यशास उणी बाजूही होती. जकातीचा भार गिऱ्हाइकानें सोसला, व यंत्रें बहुतांशीं बाहेरूनच आणावीं लागलीं. शेतकऱ्यास उंसाची रास्त किंमत मिळावी म्हणून १९३४ सालीं निराळा कायदा करावा लागला. तेव्हां संरक्षणाचा लाभ आपोआप शेतापर्यंत झिरपत नाहीं, हें सरकारासही कळून चुकलें असावें.

महाराष्ट्रानें यावर दुसराच उपाय काढला. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत विठ्ठलराव विखे पाटील यांनीं प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्यानें प्रवरेच्या परिसरांत शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभारला. १९५० च्या अखेरीस त्यांत गाळप सुरू झालें. येथें ऊंस घालणारा तोच भागीदार.

आज अडचण पाण्याची आहे. ऊंस शेतांत वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ उभा राहतो व पाणी फार पितो. आणि आपल्या साखरेच्या मुलखाचा बराच भाग कमी पावसाचा. थोड्या पाण्यावर तग धरणारी जात मिळावी म्हणून कोइमतूरचे संशोधक अजूनही उंसाच्या रानटी भाऊबंदांकडेच वळतात.