विमान प्रतिकृतींची गॅस टर्बाइन इंजिने : सुरक्षित हाताळणीचा विचार

प्रस्तावना

कोल्हापूरला इंजिन नवे नाही. शिवाजी उद्यमनगरातील ओतशाळांतून आणि यंत्रशाळांतून घडलेल्या ऑइल इंजिनांनी या जिल्ह्यातील उसाला पाणी पाजले आहे. उजळाईवाडीचा विमानतळही १९३९ पासूनचा आहे. त्यामुळे येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून छोटे जेट इंजिन चालवून पाहण्याची इच्छा झाली, तर त्यात नवल नाही. जर्मनीतील कुर्ट श्रेकलिंग यांनी १९९० च्या सुमारास असे इंजिन घरच्या कार्यशाळेत चालवून दाखविले. त्यांच्या एका रचनेत कॉम्प्रेसरचे चाक चक्क लाकडाचे होते व त्यावर कार्बन तंतूंचे वेष्टन होते. त्यानंतर थॉमस कांप्स यांच्या ‘केजे-६६’ या रचनेत मोटारगाडीच्या टर्बोचार्जरचे चाक वापरले गेले आणि ही विद्या जगभरच्या हौशी मंडळींच्या आवाक्यात आली.

तथापि ऑइल इंजिनाच्या सवयीने या यंत्राकडे पाहणे घातक ठरते. ही सवय नेमकी कोठे फसवते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वेग आणि उभे राहण्याची जागा

शेतावरील ऑइल इंजिन मिनिटाला सुमारे ६५० ते १५०० फेरे घेते. हाताच्या दोन मुठींत मावणारे टर्बाइन मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते. ६६ मिलिमीटर व्यासाचे चाक १,१५,००० फेऱ्यांनी फिरू लागले की त्याच्या परिघाचा वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून अधिक होतो. परिघावरील एक ग्रॅम धातूला जागेवर धरून ठेवण्यासाठी सुमारे ४९० किलोग्रॅम वजनाएवढे बल लागते. पाते निखळले तर ते चाकाच्याच प्रतलात, त्रिज्येच्या दिशेने बाहेर फेकले जाते. त्यामुळे इंजिनाच्या थेट बाजूला, चाकांच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. नेमकी हीच जागा विद्यार्थ्यांना पाहण्यासाठी सोयीची वाटते. याबाबत प्राध्यापकांनी हट्टी राहिलेले बरे. मागील बाजूस ५०० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाचा झोत असतो. समोर हवा ओढणारे तोंड असते आणि गळ्यातील ओळखपत्राची फीत, ओढणी किंवा मोकळे केस त्यात जाण्याचा संभव असतो. निरीक्षकांची जागा समोरच्या बाजूस तिरकस व अंतरावर असावी. आवाज तीव्र असल्याने कानांवर संरक्षक अत्यावश्यक ठरतात.

सुरू करणे आणि बंद करणे

ऑइल इंजिन पेटले नाही तर पुन्हा हँडल मारले जाते. टर्बाइनच्या बाबतीत हा उतावीळपणा आगीस कारण होतो. पहिल्या प्रयत्नात न जळलेले रॉकेल ज्वलनकक्षात साचून राहते. दुसऱ्या प्रयत्नात ते एकदम पेटते, मागील नळीतून लांब ज्वाळा बाहेर पडते आणि टर्बाइनची पाती मर्यादेबाहेर तापतात. म्हणून प्रयत्न फसल्यावर इंजिनाचे तोंड वर करून साचलेले इंधन मागील बाजूने निथळू द्यावे आणि मगच पुन्हा सुरुवात करावी. प्रयोगशाळेतील बाकावर इंजिन पक्के बसवताना ही सोय राखण्याचा विसर पडू नये. ज्वाळा दिसल्यास इंधन तोडावे, परंतु सुरुवातीची विद्युत मोटर फिरती ठेवावी. तिच्या हवेने ज्वाळा मागे ढकलली जाते. आग विझली नाही तर कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक पुढील तोंडातून वापरावे. भुकटीच्या अग्निशामकानेही आग विझते, मात्र त्यानंतर इंजिन निकामी होते. अग्निशामक हाती घेतलेल्या व्यक्तीकडे दुसरे कोणतेही काम नसावे.

बंद करतानाची चूक याहून सूक्ष्म आहे. इंजिन थांबले म्हणून विद्यार्थी बॅटरीची तार काढून टाकतात. परंतु या बेअरिंगांना निराळे वंगण नसते. इंधनात मिसळलेले सुमारे ५ टक्के टर्बाइन तेलच त्यांना पोसते. इंधन थांबले की वंगण थांबते आणि तापलेल्या चाकातील उष्णता दांड्यावाटे मागील बेअरिंगकडे सरकू लागते. म्हणून नियंत्रक यंत्रणा तापमान सुमारे १०० अंशांखाली येईपर्यंत मोटरद्वारे चाक फिरवीत राहते. मध्येच वीज तोडल्याने बिघडलेले बेअरिंग त्या दिवशी लक्षात येत नाही. ते पुढच्या खेपेस पूर्ण वेगात असताना उघड होते.

इंधन, मैदान आणि ऊस

शिधावाटपाचे निळ्या रंगाचे रॉकेल या कामासाठी वापरणे नियमबाह्य आहे. ते स्वयंपाक व दिवाबत्तीसाठी दिले जाते. रॉकेलचा ज्वलनबिंदू साधारणतः ३५ ते ३८ अंशांच्या पुढे असल्याने ते पेट्रोलच्या तुलनेत सुरक्षित मानले जाते. एप्रिलच्या दुपारी उन्हात ठेवलेल्या डब्यात मात्र ही सुरक्षितता उरत नाही.

प्रतिकृती आकाशात नेण्यापूर्वी दोन गोष्टींची तपासणी करावी. रेडिओ-संपर्क तुटताच इंधन आपोआप बंद होते काय, हे जमिनीवर प्रत्यक्ष पाहावे. तसेच मंद गतीतून पूर्ण जोर येण्यास इंजिनाला काही सेकंद लागतात, याची चालकाला सवय असावी. उतरताना ऐनवेळी दिलेला जोर उशिरा पोहोचतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी उंची २०० फुटांपर्यंतच आहे. त्याहून जवळ परवानगी घ्यावी लागते. उजळाईवाडीचे शहरापासूनचे अंतर पाहता कोल्हापुरातील बहुतेक महाविद्यालयांना हा प्रश्न लागू होतो.

कोल्हापुरात मोकळे मैदान म्हणून जी जागा मिळते, तिच्या कडेला बहुधा ऊस असतो. तोडणीनंतर फडात पसरलेले वाळलेले पाचट आणि दोन-तीन लिटर रॉकेल घेऊन कोसळणारी तप्त प्रतिकृती यांची गाठ पडल्यास आग शेजारच्या उभ्या उसात शिरायला वेळ लागत नाही. नुकसान होते ते ज्या शेतकऱ्याचा या प्रयोगाशी काहीही संबंध नाही, त्याचे. त्यामुळे तोडणीच्या हंगामात उड्डाणाची जागा निवडताना फडांचे मालक व वाऱ्याची दिशा या दोहोंची आधी विचारपूस व्हावी आणि मैदानावर पाण्याचा टँकर उभा असावा. कोसळलेली प्रतिकृती विझली तरी लगेच गाडीत भरू नये. तडा गेलेली लिथियम बॅटरी बऱ्याच वेळानंतरही पेट घेऊ शकते.