शिडाच्या बोटीतून गुना याला

पनामा म्हटलं की आपल्याला कालवा आठवतो, आणि घरात इंजिनिअर असला तर दुसरं काही आठवतच नाही. पण मंडळी, या लेखात कालवा नाही. त्याच देशाच्या कॅरिबियन किनाऱ्यालगत, थेट कोलंबियाच्या सरहद्दीपर्यंत, साडेतीनशेहून अधिक बेटांची माळ पसरली आहे. जुन्या नकाशांत तिचं नाव सान ब्लास. तिथले लोक आपल्या प्रदेशाला गुना याला म्हणतात, म्हणजे गुनांची भूमी. त्यातल्या जेमतेम पन्नासएक बेटांवर वस्ती आहे. बाकीच्यांवर माड, वाळू आणि पक्षी. मागच्या डिसेंबरात आम्ही चौघं तिथे पाच दिवस शिडाच्या बोटीवर राहिलो.

पनामा सिटीहून जीपने डोंगर ओलांडून गार्डीच्या धक्क्यावर पोचायला दोन-अडीच तास लागतात. वाटेत गुनांचं स्वतःचं नाकं आहे. तिथे पासपोर्ट दाखवायचा आणि प्रवेशशुल्क भरायचं. या प्रदेशाचा कारभार गुनांची महासभा बघते. बाहेरच्या माणसाला इथे जमीन विकत घेता येत नाही. ड्रोन उडवायला आणि पाठीवर हवेची टाकी लावून पाण्यात बुडी मारायला बंदी. फक्त मुखवटा आणि नळी लावून पोहायचं. मुलांनी सुरुवातीला तोंडं वाकडी केली, पण पहिल्याच प्रवाळाशेजारी सगळं विसरली.

डिसेंबर ते एप्रिल हा इथला कोरडा हंगाम. ईशान्येकडून व्यापारी वारे जोरात वाहतात, त्यामुळे इंजिन फारसं लावावं लागत नाही. पण बोट हाकणं सोपं नाही. पाण्याखाली जागोजागी प्रवाळाचे खडक आहेत. म्हणून सूर्य डोक्यावर असतानाच बेटांमधून शिरायचं. गडद निळं म्हणजे खोल, हिरवट म्हणजे उथळ आणि तपकिरी म्हणजे खडक! आमचा मुलगा पुढे उभा राहून रंग ओरडून सांगायचा, आणि कप्तान हसत हसत सुकाणू वळवायचा.

नांगर टाकला की थोड्या वेळात एखादी उलू, म्हणजे एका झाडाच्या खोडातून कोरलेली होडी, बोटीला येऊन लागते. कुणी मासे आणतं, कुणी केळी, आणि बायका आणतात मोला. मोला म्हणजे त्यांच्या पोलक्याचा पुढचा आणि मागचा भाग. वेगवेगळ्या रंगांच्या सुती कापडांचे थर एकावर एक ठेवायचे, वरचा थर नक्षीनुसार कातरायचा, कडा आत दुमडून बारीक टाके घालायचे, की खालचा रंग वर दिसू लागतो. आपल्या गोधडीत तुकडा वरून लावतात. इथे वरचं कापून खालचं दाखवतात. पूर्वी अंगावर रंगवायच्या नक्षी अशा कापडावर आल्या. चांगला मोला ओळखायची खूण म्हणजे न दिसणारे टाके आणि सारख्या रुंदीच्या रेषा. आम्ही एकीला तो किती दिवसांत झाला असं विचारलं, तर तिने बोटांवर आठवडे मोजून दाखवले. त्यानंतर घासाघीस करायची आमची हिंमत झाली नाही.

बायकांच्या नाकात मधल्या पडद्यात सोन्याची कडी असते, आपल्याकडच्या बुलाकीसारखी. हातापायांवर मण्यांच्या घट्ट पट्ट्या. हे सगळं इतकं सहज वाटतं की त्यामागचा इतिहास कळल्यावर आम्ही चकित झालो. गेल्या शतकाच्या सुरुवातीला पनामा सरकारने गुनांना 'सुधारायचं' ठरवलं. पोलिसांनी बायकांना नाकातल्या कड्या आणि मणी काढायला लावले, मोला घालायला बंदी केली. फेब्रुवारी १९२५ मध्ये नेले कांतुले आणि सिमराल कोलमन यांच्या नेतृत्वाखाली गुनांनी उठाव केला. अमेरिकेची क्लीव्हलँड ही युद्धनौका मध्ये पडली, आणि ४ मार्च १९२५ रोजी समझोता झाला. १९३८ मध्ये त्यांच्या प्रदेशाला कायद्याने वेगळा दर्जा मिळाला. २०२५ साली उठावाला शंभर वर्षं झाली.

त्या उठावाच्या झेंड्यावर चक्क स्वस्तिक आहे, आपल्यापेक्षा उलट्या दिशेला वळलेलं. जग निर्माण करणाऱ्या आठपायी समुद्रजीवाचं, म्हणजे ऑक्टोपसचं, ते चिन्ह असं सांगतात. हिटलर सत्तेवर यायच्या आठ वर्षं आधीचा हा झेंडा. देव्हाऱ्यासमोर आपण काढतो ते स्वस्तिक अमेरिकेतल्या शाळेतल्या मित्रांना समजावताना आमच्या मुलांची नेहमी पंचाईत होते. ती दोघं त्या झेंड्याकडे बराच वेळ बघत राहिली.

माडांची गोष्टही सांगण्यासारखी. बेट निर्जन दिसलं तरी प्रत्येक माडाला मालक आहे. खाली पडलेला नारळसुद्धा विचारल्याशिवाय उचलायचा नाही! कोलंबियाच्या व्यापारी बोटी हे नारळ घ्यायच्या आणि बदल्यात कापड, साखर द्यायच्या. कित्येक वर्षं इथे नारळ हेच चलन होतं. बेटाची राखण करायला कुटुंबं पाळीपाळीने येऊन राहतात. लग्नानंतर मुलगा सासरी नांदायला जातो, हे ऐकून आमची मुलगी भलतीच खूश झाली.

प्रत्येक गावात एक मोठं शाकारलेलं सभागृह असतं. मधोमध झोपाळ्यासारख्या जाळ्या टांगलेल्या, भोवती बाकं. गावचा प्रमुख, म्हणजे साइला, जाळीत पडून पूर्वजांच्या कथा गातो. ती भाषा जुनी आणि अवघड, म्हणून शेजारचा अर्गार तिचा अर्थ लोकांना समजावून सांगतो. आपल्याकडे कीर्तनकार एकटाच गातो आणि निरूपणही करतो. इथे ते काम दोघांत वाटलेलं. त्याच बैठकीत गावची भांडणं, वर्गणी, साफसफाई यांचेही निकाल लागतात. त्यामुळे परंपरा वर्षातून एकदा काढून पुसायची वस्तू उरत नाही, रोजच्या कामातच ती मुरलेली असते.

पण समुद्राला या सभेचे निर्णय मान्य नाहीत. बेटं पाण्यापासून जेमतेम अर्धा-एक मीटर उंच. लोकसंख्या वाढली तशी गुनांनी प्रवाळ तोडून, भराव घालून बेटं मोठी केली. त्यामुळे लाटा अडवणारी नैसर्गिक भिंत कमकुवत झाली. त्यात जगभराच्या धुरामुळे पाणी चढतंय, आणि त्यात गुनांचा वाटा नगण्य आहे. जून २०२४ मध्ये गार्डी सुगडुब या दाटीच्या बेटावरच्या सुमारे तीनशे कुटुंबांना मुख्य भूमीवर इस्बेर याला इथे नवी घरं मिळाली. काही जण मात्र बेटावरच राहिले. नव्या वसाहतीत सरळ रस्ते आहेत, एकसारखी घरं आहेत. दारातून उलू पाण्यात ढकलायची सोय तेवढी नाही.

घर हललं की त्याच्याबरोबर काय काय येतं? गुनांना हा प्रश्न आता पडलाय. आपण मंडळी तो कित्येक वर्षं सोडवतोय. आमच्यापुरतं एवढंच कळलं की जे रोज वापरात राहतं तेच बरोबर येतं: नाकातली कडी, संध्याकाळची बैठक, घरात बोलायची भाषा.

जायचं असेल तर बोटवाल्याकडे महासभेची परवानगी आहे का ते आधी विचारा. शाकाहारी मंडळींनी डाळ-तांदूळ बरोबर ठेवावेत; नारळ आणि केळी तिथे मिळतात. मासे खाणाऱ्यांनी नारळाच्या रसातलं केळ्याचं आणि माशाचं कालवण जरूर चाखावं, कोकणची आठवण होईल. फोटो काढण्याआधी विचारा. सुटे डॉलर जवळ ठेवा. आणि मोला घेताना आधी टाके बघा, मग किंमत.