मुशीचे वय सांगणारी वलये

सानगडीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर; तरीही शार्क, म्हणजेच मुशीच्या अभ्यासाची वाट भंडारा जिल्ह्यातूनही निघते. नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात पदवी आणि मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत पुढील शिक्षण घेता येते. या संशोधकाचे बरेचसे काम पाण्याखाली नव्हे, तर मासळी उतरणाऱ्या बंदरावर चालते. मुशीचा सांगाडा हाडांचा नव्हे, कूर्चेचा असतो. मणक्यांवरील वलये मोजून तिच्या वयाचा अंदाज बांधतात. मोठ्या मुशींच्या अनेक जाती उशिरा वयात येतात आणि मोजकीच पिल्ले देतात. म्हणूनच अतिमासेमारीने घटलेली त्यांची संख्या सावरण्यास दशके लागू शकतात. व्हेल शार्कला २००१ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. इतर कोणत्या जाती जपायच्या, हे ठरविताना वलयांची हीच मोजदाद उपयोगी पडते.