घरी काम केले, आणि गाडी सुरू होईना

माणगावच्या बाजूला मोटार म्हणजे आता शहरातल्या माणसाची चैन राहिलेली नाही. मुंबई-गोवा महामार्ग इथून जातो, एक रस्ता निजामपूरवरून ताम्हिणी घाट चढून पुण्याकडे जातो, दुसरा म्हसळ्यावरून श्रीवर्धनला उतरतो. या रस्त्यांपासून आत असलेल्या वाड्यांत मात्र एखाद्याच घरासमोर जुनी मारुती नाहीतर बोलेरो उभी असते. रात्री-अपरात्री कोणाला माणगावच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे झाले, की सारी वाडी त्याच दारात येते. तेव्हा ती गाडी सुरू होते की नाही, हा एकट्या मालकाचा प्रश्न राहत नाही.

गाडीची किरकोळ कामे पुष्कळजण घरीच करतात. बॅटरी घासणे, प्लग साफ करणे, हवेचा किंवा डिझेलचा फिल्टर बदलणे, यांत वाईट काही नाही, उलट ती करावीत. पण काम संपते, हात धुऊन होतात, चावी फिरवावी तर गाडी गप्प! मग काय होतं? घरचे, शेजारचे जमतात. एकजण म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो सेल्फ गेला. तोवर मालक पुन्हा पुन्हा चावी मारून चांगली बॅटरीही उतरवून टाकतो. दुसऱ्या दिवशी काही हजारांची नवी बॅटरी येते आणि गाडी तशीच उभी राहते.

विचार असा करावा. काल गाडी चालत होती, आज चालत नाही, आणि मध्ये घडले ते आपले काम. तेव्हा पहिला संशय आपल्या कामावर घ्यायचा. ज्या ज्या ठिकाणी आपला हात गेला, तेवढीच ठिकाणे आठवून, शेवटून सुरुवातीकडे, एकेक पुन्हा पाहायची. जिथे हातच लागला नाही ते भाग अजून खोलायचे नाहीत, नाहीतर एका बिघाडाचे दोन होतात.

आता गाडी काय बोलते ते ऐका. चावी फिरवल्यावर तीन गोष्टींपैकी एक होते: अगदी शांतता, नुसता ‘टक्’ असा आवाज, किंवा इंजिन घरघर फिरते पण पेट घेत नाही. पहिल्या दोन्हींत वीज पोचत नाही असे बहुधा समजावे. तिसऱ्यात वीज पोचली, कमी पडते आहे ते इंधन, ठिणगी किंवा हवा.

शांतता किंवा ‘टक्’ असेल तर बॅटरीच्या दोन टोकांपाशी जा. आपल्या कोकणच्या दमट हवेत तिथे पांढरी-हिरवी भुकटी धरते. ती साफ करायला टर्मिनल काढलेले असते, आणि परत बसवताना ते नुसते वर टेकवले जाते, आवळले जात नाही. हाताने पिळून पाहा. जरा जरी फिरले, तरी दोष सापडला म्हणायचे. भुकटी उरली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडे करा, पॉलिश पेपरने आतून चकचकीत करा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलिन लावा. काम करताना काळी, म्हणजे ऋण बाजूची, वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची, म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी उडत नाही.

इथे कोणी विचारील, आतला दिवा लागतो, हॉर्न वाजतो, मग वीज नाही कशी? शिक्षक मंडळींना हे वर्गात सांगण्यासारखे आहे. सैल किंवा मळलेल्या जोडात समजा ०.०५ ओहम एवढाच विरोध आला. आतला छोटा दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही, म्हणून त्याचे नुकसान ०.०२ व्होल्टच्या आसपास, डोळ्यांना कळणारसुद्धा नाही. पण सेल्फला शंभर अँपिअर लागतात असे धरा. शंभर गुणिले ०.०५ म्हणजे पाच व्होल्ट त्या जोडातच खर्च होतात. बारातून पाच गेले, उरले सात, आणि सातावर सेल्फ फिरत नाही. ओहमचा नियम फळ्यावर लिहून जेवढा पटत नाही, तेवढा इथे पटतो.

मल्टिमीटर असेल तर काम सोपे. स्वस्थ बसलेल्या भरल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. बाराच्या खाली गेली तर ती जवळजवळ उतरलेली आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून दुसऱ्याला चावी मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर इंजिनला जाणारी अर्थची पट्टी सैल आहे किंवा गंजली आहे. ही पट्टी काम करताना सोडून परत लावायची राहते, ते आपल्या ध्यानीमनीही नसते.

मीटर नसला तरी अडत नाही. हेडलाइट लावा आणि चावी मारा. दिवे अगदी विझले तर बॅटरी उतरली किंवा जोड सैल. दिवे तसेच लख्ख राहिले आणि आवाज काहीच नाही, तर सेल्फला जाणारी बारीक वायर, तिचा फ्यूज किंवा रिले पाहा. काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरतच नाही, हेही विसरू नये.

दोष कामात नसून कामाच्या वेळेत असतो, असेही होते. दिवसभर दारे उघडी, आतले दिवे चालू, शिवाय गाणी ऐकायला रेडिओ. मिळून दहा वॅट धरले तरी दहा तासांत आठ अँपिअर-तासांहून जास्त वीज गेली, आणि छोट्या गाडीच्या नव्या बॅटरीत ती असते पस्तीसच्या आसपास. जुनी बॅटरी एवढ्याने बसते. दुसऱ्या गाडीवरून वीज घ्यायची तर लाल वायर धन टोकाला धन टोक जोडते, आणि काळीचे शेवटचे टोक आपल्या बॅटरीला न लावता दूर इंजिनच्या धातूला लावायचे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तिथे ठिणगी नको. बिडी-काडी तर नकोच नको.

आता इंजिन फिरते पण पेट घेत नाही, ही गोष्ट. प्लगच्या वायरी काढल्या होत्या काय? चार सिलिंडरच्या जुन्या गाड्यांत ठिणगीचा क्रम बहुधा १-३-४-२ असतो. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ला सिलिंडरच तीन, तिचा क्रम १-३-२. तीन वायरी सहा तऱ्हांनी लागतात, चार वायरी चोवीस तऱ्हांनी, आणि बरोबर तऱ्हा एकच. क्रम चुकला की इंजिन ठसकते, कधी मागून फटाका काढते. म्हणून काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो घ्यावा, किंवा वायरींना दोऱ्याच्या गाठी माराव्यात: पहिलीला एक, दुसरीला दोन.

नव्या पेट्रोल गाड्यांत चावी ‘ऑन’ करताच मागच्या सीटच्या बाजूने दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो पेट्रोलचा पंप. ती बहुतेक गाड्यांत येते, आणि आपल्या गाडीत कालपर्यंत येत असून आज थांबली असेल तर त्याचा फ्यूज आणि रिले पाहा. हवेचा फिल्टर बदलला असेल तर त्याच्या नळीवरचा कपलर परत बसला का ते पाहा. बसताना ‘कट्’ आवाज आला पाहिजे. समोर किल्लीचे किंवा कुलपाचे चित्र लुकलुकत राहिले तर गाडी चावी ओळखत नाही. दुसरी चावी लावून पाहा, तीही चालली नाही तर पुढचे काम गॅरेजवाल्याचे.

बोलेरो, जीप यांसारख्या डिझेल गाडीचा फिल्टर बदलल्यावर ती सुरू होत नसेल, तर नळीत हवा धरली असेल. फिल्टरजवळ हातपंप असल्यास तो कडक होईपर्यंत दाबावा. फिल्टरचे रबर दुमडले असेल तर हवा पुन्हा शिरते. आणि पावसात पडवीत उभ्या राहिलेल्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत काय, हेही बघा बरं का!

चावी एका वेळी पाच-दहा सेकंदांहून जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर सेल्फ जळतो. पेट्रोलचा वास येत असताना ठिणगी तपासायला प्लग बाहेर काढू नये. आणि टायमिंग बेल्टला हात लावला असेल तर चावी नको, धक्काही नको. बेल्ट एखाददुसरा दाता जरी चुकला, तरी काही इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि मग शेकड्यांचे काम हजारोंवर जाते.

एवढे करून गाडी उठली नाही तर गॅरेजवाल्याला फोन करा. ‘गाडी बंद आहे’ एवढेच सांगू नका. चावी मारल्यावर कोणता आवाज येतो, दिवे विझतात की राहतात, आणि आपण काय काय काढून परत लावले, ते सांगा. घरी हात लावला हे सांगायला पुष्कळांना संकोच वाटतो, पण तो त्यावरूनच कोणते सामान बरोबर आणायचे ते ठरवील, आणि निजामपूरच्या आतल्या वाडीपर्यंतची त्याची एक फेरी वाचेल.