मेंदूज्वर

नागपूरजवळ चांदीपुरा नावाचे गाव आहे. १९६५ साली त्या भागात तापाची साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तेथील दोन आजारी माणसांचे रक्त तपासले, तर त्यात एक नवाच विषाणू निघाला. गावावरून त्याचे नाव पडले चांदीपुरा. पुढे बरीच वर्षे तो फारसा कोणाच्या ध्यानात नव्हता. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला आणि त्यातली १८३ दगावली. तपासात हाच विषाणू सापडला. २०२४ साली गुजरातमध्ये तो पुन्हा आला. त्याचा घाला पडतो तो मुख्यतः पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांवर, म्हणजे तुमच्या-आमच्यावरच!

मेंदूज्वर म्हणजे मेंदूला आलेली सूज. हात सुजला तर कातडी ताणते, पण कवटी काही ताणत नाही. मग आतल्या आत मेंदू दाबला जातो. जोराचा ताप येतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात. पोरगं काहीबाही बडबडतं, आईलासुद्धा ओळखत नाही, झटके येतात, शुद्ध हरपते. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते, ती फुगून वर येते.

चांदीपुरा पसरवते वाळूमाशी. ही डासाहूनही बारीक असते. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात, ओलसर अंधाऱ्या जागी राहते आणि बहुधा रात्री चावते. म्हणून भेगा लिंपाव्यात, शेण-कचरा घरापासून लांब टाकावा, अंगभर कपडे घालून झोपावे. जपानी मेंदूज्वर हा वेगळा. तो भातखाचरांत वाढणाऱ्या डासांमुळे होतो आणि त्याची लस आहे. गोवरामुळेही मेंदूला सूज येऊ शकते, त्याचीही लस आहे. चांदीपुऱ्याची लस अजून नाही.

झटके आले की आपल्याकडे कोणी म्हणतं, "बाहेरचं लागलं." मग अंगारा, उतारा यात रात्र जाते. चांदीपुऱ्यात एका दिवसातही मूल दगावू शकते. या विषाणूवर खास औषध नाही हे खरे, पण दवाखान्यात झटके थांबवता येतात, प्राणवायू देता येतो, मेंदूवरची सूज उतरवण्याचे उपाय करता येतात. १०८ नंबरला फोन केला की सरकारी गाडी फुकट येते. गाडी येईपर्यंत मुलाला कुशीवर झोपवावे, गळ्याजवळची बटणे सोडावीत. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातात चमचा घालू नये, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही पाजू नये, ते श्वासनळीत जाते.