दंतमज्जा : दाताच्या आतला जिवंत भाग

"दुधाचाच दात आहे, पडणारच आहे!" पालकसभेत हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. दाढ ठणकते म्हणून मूल शाळेत येत नाही, आणि घरी मात्र ती पडायची वाट बघितली जाते. हे बरोबर का नाही, ते समजायला दाताच्या आत डोकावावं लागतं.

दाताची आकृती आपण फळ्यावर काढतोच. बाहेर पांढरं इनॅमल, त्याखाली पिवळसर डेंटिन आणि मधोमध लाल खडूने रंगवलेली दंतमज्जा, म्हणजेच पल्प. मुलांच्या लक्षात राहतं ते इनॅमल, कारण शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ तोच. पण दात घडवण्यात आणि राखण्यात मोठा वाटा त्या लाल भागाचा.

गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना त्याच्या जबड्यावर पेशींची एक पट्टी जाड होते. तिला कळ्या फुटतात. कळीचा आकार आधी टोपीसारखा, मग घंटेसारखा होतो. या घंटेच्या पोकळीत मऊ पेशींचा पुंजका असतो, त्याला डेंटल पॅपिला म्हणतात. हाच पुढे पल्प होतो. आता गंमत बघा. घंटेच्या आतल्या अस्तराकडून रासायनिक संदेश येतो आणि पॅपिलाच्या कडेच्या पेशी उंच होऊन रांगेत उभ्या राहतात. या ओडोंटोब्लास्ट पेशी. त्या डेंटिनचा थर घालू लागल्या की मगच समोरच्या पेशी इनॅमल बनवू लागतात. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंत संपून जातात, म्हणून झिजलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. ओडोंटोब्लास्ट मात्र पल्पच्या कडेला आयुष्यभर कामावर असतात. वय वाढतं तसं आतून डेंटिन चढत जातं आणि पल्पची जागा अरुंद होते.

सूक्ष्मदर्शकाखाली पल्पमध्ये थर दिसतात. कडेला ओडोंटोब्लास्टची रांग, तिच्या आत जवळजवळ पेशी नसलेला पातळ पट्टा, मग पेशींनी दाटलेला पट्टा आणि शेवटी रक्तवाहिन्या व चेतातंतूंचा गाभा. संख्येने सर्वांत जास्त असतात फायब्रोब्लास्ट. त्या कोलॅजनचे धागे विणतात. जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात, शिवाय गरज पडल्यास नवे ओडोंटोब्लास्ट होऊ शकतील अशा मूळपेशीही. दुधाच्या दातांतल्या अशा मूळपेशींबद्दलचं संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झालं.

ओडोंटोब्लास्टचे शेपटीसारखे तंतू डेंटिनमधल्या बारीक नळ्यांत शिरलेले असतात. गार पाण्याने या नळ्यांतला द्रव हलतो आणि जवळचा चेतातंतू चाळवतो. दात शिवशिवतो तो यामुळे. कीड पल्पपर्यंत पोचली की सूज येते. बोट सुजलं तर फुगतं, पण दाताच्या भिंती कडक! सूज जाणार कुठे? आतला दाब वाढतो आणि मूल रात्रभर रडतं.

मुलांच्या दातांत पल्प तुलनेने मोठा आणि वरची भिंत पातळ, त्यामुळे कीड लवकर आत पोचते. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात, आणि त्यांच्या मुळांपाशीच पक्का दात घडत असतो. मुळाशी पू झाला तर त्या घडणाऱ्या दातालाही इजा होऊ शकते.

पालकांना आवर्जून सांगावी अशी दाढ आणखी वेगळीच. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना तीही दुधाचीच वाटते! ती उगवते तेव्हा तिची मुळं अर्धवटच असतात. ती पूर्ण व्हायला आणखी तीनेक वर्षं, म्हणजे नववं-दहावं वर्ष उजाडतं. तोवर पल्प मेला, तर मुळाची वाढ तिथेच थांबू शकते. मग भिंती पातळ आणि टोक उघडंच राहतं. म्हणून अशा वयात दंतवैद्य शक्यतो सगळा पल्प काढत नाहीत. वरचा बिघडलेला भाग काढून औषध भरतात आणि मुळातला पल्प जिवंत ठेवायचा प्रयत्न करतात. पण त्यासाठी मूल वेळेत, म्हणजे पल्प जिवंत असतानाच, त्यांच्याकडे पोचायला हवं.